पडद्याशेजारची जागा

१

आर्वीच्या एसटी स्टँडवर माइकवरून जो आवाज येतो तो माझा. 'आर्वी-पुलगाव-वर्धा गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.' हे मी दोनदा सांगतो, स्वच्छ सांगतो, आणि तरी कोणीतरी माझ्या खिडकीशी येऊन विचारतंच, "भाऊ, पुलगावची लागली का?" अशा वेळी माझं डोकं सटकतं. कान धडधाकट असलेल्या माणसांइतकं न ऐकणारं दुसरं कोणी नाही, हे मी नोकरीत शिकलो. लिहिताना मी असा शिस्तीत लिहितो ती माइकची सवय आहे. एरवी बोलतो आपल्या वऱ्हाडीतच.

घरी मात्र मी आवाज वापरत नाही. माझी बायको माधवी वडनेरची. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले. ती बोलते नीट, आवाज तेवढा एका सुरात असतो, आणि समोरच्याचे ओठ वाचते. लग्न झालं तेव्हा मीही इतरांसारखा तिच्यासमोर ओरडायचो. एक दिवस म्हणाली, "काऊन ओरडता? ओरडलं का तोंड वाकडं होते तुमचं. मंग काहीच समजत नाई." तेव्हापासून मी नुसते ओठ हलवतो. शेजारचे म्हणतात, रत्नदीपच्या घरात कोणी राहते का नाही तेच समजत नाही. म्हणोत बापडे. आमच्या घरात दिवसभर बोलणं चालायचं.

२

जपानी मूकपटांचा नाद मला नाचणगावच्या भंगारात लागला. सिनेमा दाखवायचं पत्र्याचं एक खेळण्यातलं यंत्र तिथं पडलं होतं, बाजूला फिरवायचं हँडल, वर जपानी अक्षरं. सोबत बिस्किटाच्या डब्यात फिल्मचे चार तुकडे. ते नाचणगावात कसं पोचलं ते भंगारवाल्याला ठाऊक नव्हतं आणि त्याला घेणंदेणंही नव्हतं. मी घरी आणून दिव्याच्या जागी साधा एलईडी बसवला, कारण ती जुनी फिल्म तापली की भडकते. भिंतीवर चादर लावली. तलवार घेतलेला एक माणूस पुलावरून धावत आला आणि पूल संपायच्या आत तुकडा संपला.

मग मी नेटवर शोधायला लागलो. तिकडे शंभर वर्षांपूर्वी सिनेमा थेटरातून उतरला की त्याची फिल्म कापून तुकडे करायचे आणि खेळण्यांच्या दुकानात विकायचे. पोरं घरी हँडल फिरवून बघायची. पुढं भूकंप झाला, आगी लागल्या, युद्ध झालं. अख्खे सिनेमे गेले ते गेलेच, पोरांच्या कपाटातले तुकडे तेवढे राहिले. कुणाच्या रडण्याचा तुकडा, कुणाच्या लग्नाचा. आधी काय झालं माहीत नाही, पुढं काय झालं माहीत नाही. क्योटोचे ओकुदा म्हणून एक म्हातारे संग्राहक आहेत, त्यांच्याशी ओळख झाली आणि मी पार वेडा झालो. उन्हाळ्यात फिल्म खराब होऊ नये म्हणून डबे फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या खाली. त्यावरून माधवी मला रोज बोलायची.

पण खरं कारण वेगळंच आहे, ते सांगून टाकतो. टीव्हीवरची माणसं बोलता बोलता पाठ फिरवतात, हिंदी सिनेमात ओठ एक म्हणतात आणि आवाज दुसराच. माधवी कंटाळून उठून जायची आणि मी एकटा बघत बसायचो. या तुकड्यांपुढं आम्ही दोघं सारखे होतो. तिथं मीही बहिराच. इतक्या वर्षांत कुठल्याही थेटरात मला तेवढं बरं वाटलं नव्हतं.

३

जपानात त्या काळी पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून सिनेमाची गोष्ट सांगायचा. लोक नटापेक्षा त्याच्या नावावर तिकीट काढायचे. हे वाचलं आणि मी म्हटलं, अरे, हा तर आपलाच धंदा.

माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, आम्ही पुढच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावायचो. माधवी यंत्रापाशी बसून हँडल फिरवायची. मी चादरीच्या डाव्या बाजूला, बुद्धाच्या तसबिरीखाली, तिच्याकडे तोंड करून उभा राहायचो. माझ्या तोंडावर उजेड पडावा म्हणून एक छोटा बल्ब खाली स्टुलावर ठेवला होता. चित्र माझ्या पाठीमागे चालायचं आणि मी ओठांनी गोष्ट सांगायचो. तुकडा मिनिटभराचा असतो, पण माधवी हँडल हळू फिरवून तो ताणायची.

म्हणजे गोष्ट चालू असताना मला पडदा दिसत नाही. हे लक्षात असू द्या.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओकुदांनी एक तुकडा पाठवला. कागदी दारांची खोली, जमिनीवर चटई, आणि चटईवर आपल्याकडे पाठ करून बसलेली एक बाई. वारा आल्यासारखी तिच्या मानेवरची बट हलते. तिचा हात दाराकडे जातो आणि तुकडा संपतो. ओकुदांनी लिहिलं होतं की या सिनेमाचा एवढाच भाग उरला आहे. ती ज्यात वळून बघते तो तुकडा शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कोणालाच तिचं तोंड माहीत नाही.

मी माधवीला सांगितलं की ही बाई नवऱ्याची वाट बघते आहे, तो गलबतावर गेला आहे. दुसरं काय सांगणार? माझी गोष्ट संपली तरी ती हँडल फिरवतच होती. मान डोलावत होती. शेवटी थांबली आणि म्हणाली, "मंग त्या कालवडीचं काय झालं?"

"कोणती कालवड?"

"विहिरीत पडलेली. काळी. आताच तं सांगतलं."

मी कालवडीचं नाव काढलं नव्हतं. पण ओठांचं वाचन असंच असतं, एकाचं दुसरं होतं, आणि उजेडही कमी होता. मी हसण्यावारी नेलं.

४

पुढच्या सुट्टीला तिनं स्वतःच तो डबा फ्रिजमधून काढला. मी पुन्हा गलबताची गोष्ट सांगितली. ती मध्येच खळखळून हसली आणि माझं गलबत तर बुडायला आलं होतं. मला थोडं लागलंच.

"काय हसतं?"

"ते बाई किती चावट हाय. तुमचं नाई, तिचं बोलणं आयकून राह्यली मी."

"ती पाठमोरी आहे, माधवी. तिचं तोंड कुठं दिसते?"

"वळते ना," माधवी म्हणाली. "तुमी बोलाले लागले का वळते."

मी मागे वळून चादरीकडे पाहिलं. बाई पाठ करून बसली होती. माधवीच्या हातून हँडल घेऊन मी तुकडा परत परत फिरवला. पाठच. मग फिल्म खिडकीशी नेऊन भिंगातून एकेक चित्र पाहिलं. प्रत्येक चित्रात तोच अंबाडा आणि तीच बट. जी गोष्ट फिल्मवर छापलेलीच नाही ती पडद्यावर येणार कुठून? मी स्वतःला बजावलं की बायकोला करमत नाही, पोरगी पुण्याला गेली, म्हणून तिला असं दिसतं.

आणि तरी, खोटं कशाला बोलू, मला हाव सुटली. जे तोंड बघायला ओकुदांनी आयुष्य घातलं ते माझी बायको पुढच्या खोलीत बसून बघते आहे, म्हणे. मी तिला खोदून खोदून विचारलं. नाक कसं आहे, डोळे कसे आहेत.

"आपल्यासारखीच हाय," ती म्हणाली. "काही खास नाई. बोलते मात्र अगदी आमच्या वडनेरकडचं."

"जपानी बाई वऱ्हाडी कशी बोलन?"

"ते मले काय माईत? तिले इचारा."

५

हा गोंधळ मिटवायला मी मोबाइल शोकेसमध्ये उभा करून ठेवला. तिला सांगितलं नाही. त्या दुपारी मी मुद्दाम गोष्ट आटोपती घेतली. नवरा आला, दार उघडलं, संपलं.

संध्याकाळी मागच्या अंगणात बसून मी ते रेकॉर्डिंग लावलं. कूलरची घरघर, हँडलची कटकट. पडद्यावर पाठमोरी बाई. बाजूला बल्बच्या उजेडात मी. आणि मी बोलतो आहे. दार उघडण्याची खूण मी हातानं केली होती ती दिसली, म्हणजे गोष्ट संपली. पण त्यापुढंही माझे ओठ हलत राहिले. मी सावकाश, समजावून काहीतरी सांगतो आहे, मधूनच मान तिरकी करतो आहे. अशी मान मी कधी करत नाही. काय बोलतो आहे ते मला माझ्याच ओठांवरून ओळखू येईना. मधून मधून माधवीचा आवाज येत होता. "हाव." "मंग माय काय म्हणे?" एकदा ती हुंदका देऊन रडली. हे सगळं त्या खोलीत, माझ्यासमोर झालं होतं, आणि मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

माणसाला चक्कर येते, झोप लागते, उन्हाचा त्रास होतो. असं काहीतरी असेल म्हणून मी तसाच घरात गेलो आणि मोबाइल माधवीपुढं धरला. "मी काय बोलून राह्यलो ते वाच."

तिनं पाहिलं. चष्मा लावून परत पाहिलं.

"तुमी कुठं आहा याच्यात?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"हे तं ते बाई हाय," माधवी म्हणाली. "तुमी काऊन नाई आले? कुठं गेलते?"

मी मोबाइल परत डोळ्यांजवळ आणला. माझा चेहरा मला स्वच्छ दिसत होता, मिशीसकट.

६

मी डबा घट्ट बंद करून बेडच्या खाली ढकलला आणि गोधड्या उतरवून धुवायला टाकल्या. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "थोडंसं लावा ना. तिचं अर्धंच राह्यलं."

"काय सांगते ती तुले एवढं?"

तिनं लाटणं खाली ठेवलं. "कान गेल्यावर मले कोणी पुरं सांगतलंच नाई. घरात सारे हसत, मी इचारलं का म्हणत, नंतर सांगतो. कालवड विहिरीत पडली तवा सारे धावले, मी ओट्यावर. माय मेली तवा लोक खोलीत काय बोलले, मायनं शेवटी काय म्हटलं, मी मोठ्या बहिणीले इचारलं. नंतर सांगतो म्हणे. हे बाई सांगते. पहिल्यापासून, सगळं."

"मी सांगत नाही का?"

"तुमी चांगले आहा," ती म्हणाली. "पण पाहुणे आले, फोन आला, तं तुमी पण तेच म्हणता."

मला कुठं तोंड लपवू असं झालं, आणि त्याच वेळी मी जळलोही. माझ्या जागेवर उभं राहून माझ्या बायकोशी बोलणारी ही कोण? मला माधवी परत पाहिजे होती, दुसरं काही नको. म्हणून मी ठरवलं की तुकडा लावायचा, पण त्या जागेवर आपण उभं राहायचं नाही. ओठच नसतील तर ती वाचेल काय? डोक्यातलं खूळ तिचं तिलाच समजेल.

७

दुपारी गोधड्या परत लावल्या. स्टुलावरचा बल्ब मी लावून ठेवला आणि माधवीच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. तिनं हँडल धरलं आणि फिरवायला लागली.

चादरीवर खोली आली. कागदी दारं, चटई. चटईवर कोणी नव्हतं. दार थोडं उघडं होतं.

मला वाटलं तुकड्याची सुरुवात पुढं सरकली असेल. पण माधवी हँडल फिरवत होती आणि रिकामी खोली संपत नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की ती पडद्याकडे बघतच नाहीये. ती डावीकडे बघत होती, बुद्धाच्या तसबिरीखाली, जिथं बल्बचा उजेड भिंतीवर पडला होता. भिंतीवर फक्त भिंतच होती. मी डोळे फाडून पाहिलं. चुन्याचा एक पोपडा निघालेला होता, तेवढाच. माधवी मान डोलावत होती. "हाव," म्हणाली. "मंग?" तिचे डोळे कुणाच्या तरी तोंडावर खिळलेले होते, आणि ते तोंड साधारण माझ्याच उंचीवर होतं.

मी तिच्या दंडाला हात लावला. ती दचकून वळली.

"माधवी, तिथं कोणी नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती नजर मी ओळखतो. ती वाचते तेव्हा तिची पापणी हलत नाही. आता पापणी लवली. पुन्हा लवली.

"काय?"

मी परत म्हणालो. हळू, सुटं सुटं.

"समजून नाई राह्यलं मले," ती म्हणाली. "काय बोलता तुमी हे?"

मी उठून खिडकीवरची गोधडी ओढली, सगळा उजेड माझ्या तोंडावर घेतला आणि तिचं नाव घेतलं. नुसतं नाव. ती जवळ आली, माझ्या हनुवटीखाली बोट धरून ओठ न्याहाळले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्यासाठी घाबरली होती. मग तिनं खांद्यावरून त्या भिंतीकडे पाहिलं, क्षणभर वाचलं, आणि तिचा चेहरा निवळला.

"बरं," ती म्हणाली. मला नाही, भिंतीला.

८

माझ्या आवाजाला काही झालेलं नाही. रोज ड्यूटीवर जातो, गाड्या पुकारतो. पुलगावचे लोक पुलगावच्या गाडीत बसतात, तळेगावचे तळेगावच्या. ड्रायव्हर धीरजला मी विचारलं, माझ्या बोलण्यात काही फरक वाटतो का? तो म्हणाला, "काका, तुमचं तं अख्ख्या आर्वीले आयकू येते." मुलगी आकांक्षा व्हिडिओ कॉल करते, तेव्हा माधवी तिचे ओठ धडाधड वाचते आणि दोघी हसतात. मी मध्ये तोंड घातलं की आकांक्षा म्हणते, "बाबा, नीट तर बोलून राह्यले तुम्ही. आई, काय झालं तुला?" डॉक्टरनं माझा जबडा तपासला, माधवीचे डोळे तपासले. दोन्ही बरोबर आहेत. आरशासमोर उभा राहून मी 'माधवी' म्हणतो. मला तर बरोबरच वाटतं, पण ओठ वाचणं मला कुठं येतं?

एकदा कागदावर लिहून दिलं, 'मी इथं आहे.' तिनं वाचलं आणि म्हणाली, "अक्षर तं यांचंच हाय." कागद घडी करून भिंतीपाशी स्टुलावर ठेवला.

यंत्र आणि डबा मी नाचणगावला परत देऊन आलो. ओकुदांना काय लिहावं ते सुचत नाही. गोधड्या काढल्या, चादर काढली, खिडक्या उघड्या आहेत. बल्ब मात्र माधवी विझवू देत नाही.

ती माझ्याशी वाईट वागत नाही, उलट फार चांगली वागते. चहा चांगल्या कपात देते, जो आम्ही पाहुण्यांसाठी ठेवला होता. पंख्याखालची जागा मला देते. आज मी ड्यूटीवरून आलो तेव्हा तिनं ताटं घेतली होती. एक स्वतःपुढं आणि एक भिंतीपाशी, उजेडात. मी हात धुऊन उभा राहिलो. तिनं मला पाहिलं, मग भिंतीकडे बघून विचारलं, "यांले पण वाढू का?"

थांबली. वाचलं. मान डोलावून तिसरं ताट घेतलं आणि मला दाराजवळ बसवलं.

जेवता जेवता ती भिंतीकडे बघून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळे पुसले, पुन्हा हसली. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी वरणभात तसाच ठेवून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हातानंच विचारलं, काय झालं?

तिनं माझ्याकडे पाहिलं. मायेनंच पाहिलं.

"काही नाई," ती म्हणाली. "जेवा तुमी. नंतर सांगते."